चिरलेली भाजी आणि शेजारणीचं मत

३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

आधी बातमी सांगते, ख्यालीखुशाली मागाहून, नाहीतर माझ्याच पोटात दुखेल. आपल्याला फळी मिळाली! बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात, दूध-लोण्याच्या थंड कपाटात, खालून दुसरी. अख्खी फळी, आणि तिच्यावर फक्त आमची पाकिटं. चिरलेला भोपळा, गाजर, फरसबी, फ्लॉवर, चारही एकत्र केलेली मिश्र भाजी, आणि कडेला पपई-अननसाच्या फोडी. तुमच्या भावांनी हे ऐकलं आणि वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "चिरलेली भाजी? कोण घेणार?" मी म्हटलं, तुम्ही घेणार, कारण या घरात आजपासून दुसरी शिजणार नाही.

मागच्या गल्लीतलं बंद पडलेलं लाँड्रीचं दुकान आम्ही घेतलंय. आम्ही सहा जणी. डोक्यावर टोप्या, पायात गमबूट, हातात मोजे, आणि खोली इतकी गार की बोलताना तोंडातून वाफ निघते. भाजी धुवायची, चिरायची, पुन्हा धुवायची, जाळीच्या पिंपात गरगर फिरवून कोरडी करायची आणि पाकिटात बंद करायची. आमच्यातल्या एक बाई आधी शिवणकाम करायच्या, त्यांना आम्ही टेलरबाई म्हणतो. त्या गळ्यात टेप अडकवून फिरतात. भोपळा असो की गाजर, तुकडा एक सेंटिमीटरचा म्हणजे एक सेंटिमीटरचाच. पाकीट उजेडात धरलं की बघत राहावंसं वाटतं.

पण एक अट आहे. मॅनेजर म्हणाले, मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी फळीवर शंभर पाकिटं मांडणार. दुकान बंद होताना वीसपेक्षा जास्त उरली, तर दुसऱ्या दिवशी तिथे सरबताच्या बाटल्या. टेलरबाईंनी या कामासाठी शिलाई मशीन विकलंय, वन्सं. बाकीच्या चौघींनीही हातातली कामं सोडलीत. फळी गेली तर त्यांना तोंड कसं दाखवू?

तुमच्याकडे येणाऱ्या गाडीवाल्याबरोबर बर्फाच्या खोक्यातून सहा पाकिटं धाडतेय. शिजवून बघा आणि खरं खरं लिहा. फोनवर विचारलं असतं, पण तुमचं ठरलेलं आहे की फोनवर माणूस नुसतं हो ला हो करतं.

तुमची,
घाईबाई


१२ फेब्रुवारी

घाईबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत.

खोकं पोचलं. बर्फाचं पाणी झालं होतं, पण पाकिटं ठणठणीत होती. मी ती लागलीच शेजारणीला देऊन टाकली. मी असलं काही खात नाही, तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं टपाल कचेरीत उभी राहून पत्रं खणाखणांत टाकली, आणि घरी येऊन सात माणसांची भाजी चिरली. तेव्हा कुणी मला पाकीट आणून दिलं नाही. आज चिरलेली भाजी विकतेस, उद्या चावलेली विकशील. लोकांना हात कशाला दिलेत देवाने, टाळ्या वाजवायला?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा कांद्याचे चार तुकडे करून "झालं!" म्हणाली होतीस. त्याच दिवशी मी तुला घाईबाई हे नाव ठेवलं. त्या मुलीने आता सगळ्या गावाची भाजी चिरायची? मला हसू आवरेना.

तरी सहा बायका तुझ्या भरवशावर आहेत म्हणतेस, तर काम नीट कर. (सहावी तूच, हे कळलं मला. तरी सहा.) शेजारीण काय म्हणते ते कळवीन.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. नवीन पेन आहे, सरकत नाही.

वन्सं


४ मार्च

वन्सं,

माझ्या डोक्याचा भुगा झालाय. काहीतरी सुचवा.

पाकिटं परत येताहेत. शंभर मांडली तर पंचावन्न तशीच राहतात. तारीख उलटली की आम्हीच ती उचलून खताच्या पिंपात टाकतो. टेलरबाई काल तिथे उभं राहून रडल्या. इतके सुंदर तुकडे, एकसारखे, आणि सगळे कुजायला.

आता गंमत ऐका. मी स्वस्थ बसले नाही. छापील फॉर्म केले आणि पंधरा दिवस स्वतः फळीपाशी उभी राहिले. पाकीट उचललं की गिऱ्हाईकाला पेन द्यायचं आणि विचारायचं, तुम्ही आमच्या मालावर समाधानी आहात का? दोनशे बारा फॉर्म भरून घेतले, नावपत्त्यासकट. त्यातल्या एकशे सत्त्याण्णव जणांनी "पूर्ण समाधानी" वर खूण केली. एका आजोबांनी तर खाली "शाब्बास" लिहिलं. मी ते गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवून मॅनेजरांकडे नेलं. त्यांनी चाळलं आणि म्हणाले, "बाई, एवढे सगळे खूश आहेत, तर पुन्हा घ्यायला का येत नाहीत?"

तुम्हीच सांगा, का येत नाहीत? लोक तोंडावर खोटं बोलतात का?

तुमच्या शेजारणीने काही सांगितलं का? एक शब्द असला तरी लिहा.

घाईबाई


११ मार्च

घाईबाई,

लोक खोटं बोलत नाहीत. तूच वेडी आहेस.

पाकीट हातात, पैसे अजून द्यायचेत, घरी जायचंय, शिजवायचंय, खायचंय, आणि तू त्या बिचाऱ्याला तिथेच गाठून विचारतेस, समाधान झालं का? कशाचं समाधान? पाकिटाच्या रंगाचं? त्यातून समोर तू टोपी घालून उभी, डोळ्यांत पाणी आणून. माझ्यासमोर तू अशी उभी राहिलीस तर मीसुद्धा शाब्बास लिहीन. जेवायच्या आधी ढेकर देणारी माणसं तूच गोळा केलीस. दोनशे बारा!

फॉर्मवर पत्ते आहेत ना? मग त्यांच्या घरी जा. पाकीट नेल्याला तीन दिवस झाले की जा. आणि समाधान-बिमाधान विचारू नकोस. पाकिटाचं काय केलं, एवढंच विचार.

शेजारणीचं म्हणशील तर ती तुझ्या मिश्र भाजीवर फार खूश नाही. म्हणाली, भोपळा विरघळून नुसता रस्सा झाला आणि फरसबी दाताखाली कचकच. गाजर ना धड कच्चं ना धड शिजलेलं. आणि पाकीट उघडता उघडेना. कोपरा ओला, निसरडा, धरायला काही नाही. शेवटी दातांनी ओढलं तर अर्धी फरसबी जमिनीवर. मग ती एकेक शेंग वेचत बसली. वाकून वेचायला वेळ लागतो.

असं ती सांगते. मी काही तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत नाही.

वन्सं

ता. क. एक सेंटिमीटर कुणी ठरवला? भांड्याने की टेपने?


२ एप्रिल

वन्सं,

तुमच्या पत्राने आधी माझ्या मुस्काटात बसली आणि मग डोळे उघडले. पंधरा दिवस टेलरबाई आणि मी दारोदार फिरलो. चाळीस घरं. एवढी घरं फिरताना मी निवडणुकीतल्या उमेदवारांनाही पाहिलं नाही.

लोक काय काय करतात म्हणून सांगू! एक मास्तर दर शुक्रवारी पाकीट घेतात आणि दर गुरुवारी फेकतात. म्हणाले, "घेतलं की निम्मी भाजी खाल्ल्यासारखं वाटतं." एक बँकेतल्या बाई. त्या पाकीट नेतात, पण पिशवीत वर अख्खा फ्लॉवर ठेवतात, ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून. घरी गेल्यावर भाजी पातेल्यात ओततात आणि रिकामं पाकीट कचऱ्यात रद्दीच्या खाली पुरतात, सासूबाईंना कळू नये म्हणून. त्या आतून पाणी आणायला गेल्या तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला सगळं माहीत आहे. मलाही ते सोपं पडतं. पण तिला सांगू नका हं, तिला वाईट वाटेल." मला हसावं की रडावं कळेना.

पूर्वी बस चालवणारे ते आजोबा, "शाब्बास" वाले, एकटेच राहतात. चौघांचं पाकीट एकट्याने तीन दिवस खाल्लं. म्हणाले, "छान होतं. पण आता महिनाभर भोपळा दाखवू नका." आणि जवळजवळ प्रत्येक घरात तेच रडगाणं: भोपळ्याचा लगदा, फरसबी कच्ची, पाकीट उघडत नाही. तुमच्या शेजारणीने जे जे सांगितलं, ते सगळं शब्दन् शब्द.

मग मी खोलीत सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, आजपासून भांड्याच्या हिशेबाने चिरायचं. फरसबी बारीक, गाजराच्या पातळ चकत्या, भोपळा लिंबाएवढा, फ्लॉवरचे मध्यम तुरे. एकत्र टाकलं की एकत्र शिजलं पाहिजे. टेलरबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या टेप न घेताच. घरी दोन्ही तऱ्हा शिजवून पाहिल्या होत्या. "तुमचं खरं आहे," एवढंच म्हणाल्या आणि सुरी हातात घेतली. मॅनेजर मात्र म्हणताहेत की माल ओबडधोबड दिसतो. आज शंभरातली पस्तीस परत येतात. अजून पस्तीस, वन्सं, आणि हातात दोन महिनेसुद्धा नाहीत.

आता दुसरं. रविवारी फळीपाशी कोण भेटलं असेल? तुमची शेजारीण! मी धावत जाऊन तिचे हातच धरले. म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू, तुमच्या एका मतावर आमचं सगळं काम फिरलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मुलीचं बाळंतपण म्हणून ती जानेवारीपासून इथेच आहे, आमच्या गावात. भोपळ्याचं पाकीट तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं.

मग फरसबी जमिनीवरून कुणी वेचली, वन्सं?

तुमची बोटं कशी आहेत?

घाईबाई


२३ एप्रिल

घाईबाई,

तीन आठवडे तुझं पत्र उशीखाली ठेवून तुझ्यावर चिडले. पहिला आठवडा शेजारणीवर चिडले, कारण तिला तेच दुकान सापडलं.

बोटं बरी नाहीत. दीड वर्ष झालं. सकाळी मूठ वळत नाही आणि वळली तर उघडत नाही. सुरी धरली की मनगटापर्यंत कळ जाते. एकदा बटाटा सोलायला घेतला आणि अर्ध्या तासाने तसाच ठेवून दिला. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, गोळ्या घ्या. घेते. पेनाचा काही दोष नाही, तो चांगला सरकतो.

तेव्हापासून मी काय खाते ते विचारू नकोस. सांगते. पाव, दूध, केळी. केळ्याची साल निघते म्हणून केळी. उकडलेली अंडी, तीही कवच फुटेल तशी. कुणाला सांगितलं नाही, कारण तुझा नवरा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहील आणि मला तुमच्या मागच्या खोलीत नेऊन बसवील. प्रेमाने बसवील, मला माहीत आहे. पण मला माझ्या घरात राहायचंय. माझी खिडकी, माझी चूल, माझी कटकट. आणि ज्या बाईने तुला चिरायला शिकवलं तिला आता चिरता येत नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? मला लाज वाटली. झालं समाधान?

तुझं खोकं आलं त्या दुपारी मी दार लावून घेतलं आणि मिश्र भाजी शिजवली. शिजवता येतं मला, ढवळता येतं, फक्त चिरता येत नाही. वाईट शिजली होती तुझी भाजी, त्यातलं एक अक्षर मी वाढवलेलं नाही. पण दीड वर्षांनी माझ्या ताटात मी शिजवलेली भाजी होती. फरसबी कच्ची होती तरी चावून खाल्ली आणि रडले. मग हात धुतले आणि तुला ते तिरसट पत्र लिहिलं.

आता ऐक, कारण हे तुला त्या चाळीस घरांत कुणी सांगणार नाही. तू घाईतल्या लोकांसाठी भाजी चिरतेस. त्यांच्याजवळ सुरी आहे, हातही आहेत. आज पाकीट घेतील, उद्या विसरतील, परवा लाजतील. ज्याला चिरताच येत नाही तो विसरणार नाही. माझ्यासारखे किती असतील? हात थरथरणारे, एका हाताचे, डोळ्यांनी अधू, नुकतंच ऑपरेशन झालेले. ते तुझ्या फळीपाशी येतात, चौघांचं पाकीट बघतात, ओला कोपरा चाचपतात आणि पुढे जातात. मी इथल्या दुकानात दुसऱ्या कुणाची पाकिटं अशी चारदा हातात घेऊन ठेवली आहेत.

तेव्हा तीन गोष्टी कर. एकाच्या जेवणाचं पाकीट काढ. त्याला असा कान लाव की मुठीत धरून ओढता येईल, बोटं लागणार नाहीत. आणि त्यावर मोठ्या अक्षरांत साधं लिही, किती वेळ शिजवायचं ते. नखरे नकोत, कविता नको.

माझ्या भावाला सांगशील तर याद राख.

वन्सं


१४ मे

वन्सं,

ह्यांना सांगितलेलं नाही. पत्र वाचताना मी रडत होते, तर हे म्हणाले, "कांदा चिरतेस का?" मी हो म्हटलं.

मागच्या खोलीचं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण ते खरं आहे. आम्ही तसंच केलं असतं. आता नाही करणार. माझा शब्द.

आणि रागावू नका, पण तुमचं पत्र मी टेलरबाईंना वाचून दाखवलं. नाव सांगितलं नाही. त्या उठल्या आणि आठवडाभर कानच शिवत बसल्या. म्हणजे शिवत नाही, कागद कापून, दुमडून, चिकटवून बघत. अकरा नमुने झाले. प्रत्येक नमुना आम्ही हाताला जाड मोजे घालून उघडून पाहिला. बारावा उघडला. चांगला रुंद कान आहे, आत हात घालून मूठ वळवली की पाकीट फाटत नाही, नुसतं उघडतं. एकाचं पाकीट, दोघांचं पाकीट. वर अंगठ्याएवढ्या अक्षरांत: "बारा मिनिटं शिजवा." बस. खाली तुमच्या पत्रातलं एखादं वाक्य घालायचा फार मोह झाला, पण कविता नको म्हणालात.

बँकेतल्या बाईंनी परवा पाकीट पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.

तरी मॅनेजर अडूनच बसलेत. कान बघून म्हणाले, "याने फळीवर जागा जास्त लागते, आणि एवढे हात दुखणारे लोक आणणार कुठून?" काल शंभरातली सव्वीस उरली. वीसपर्यंत यायला हवं आणि आता दोनच शनिवार राहिलेत. खोलीत मी मोठमोठ्याने हसते, म्हणजे बाकीच्या घाबरणार नाहीत.

घाईबाई


२० मे

घाईबाई,

शेवटच्या शनिवारी सकाळच्या बसने येते. घ्यायला कुणी येऊ नये. दुपारी तीनच्या बसने परत, मला माझ्या घरी झोपायचंय. माझ्या मापाची टोपी काढून ठेव.

तुझ्या मॅनेजरला सांग, हात दुखणारे लोक कुठून आणायचे ते मी दाखवते.

वन्सं


शनिवार, संध्याकाळ

वन्सं,

तुम्ही अजून बसमध्ये असाल आणि मी इथे खोलीत पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसून लिहितेय. बाकीच्या पाची जणी भोवती बसल्यात आणि "हे लिहा, ते लिहा" चाललंय. कुणालाही घरी जायचं नाहीये.

आधी तुम्ही काय करून गेलात ते तुम्हालाच सांगते, कारण मी तेव्हा माल आणायला धावले होते आणि मला ते तीन जणींकडून तीन तऱ्हांनी कळलं. आमच्यातली चष्मेवाली म्हणते, मॅनेजर आले आणि तुम्हाला म्हणाले, "आजी, जरा बाजूला उभ्या राहा, गिऱ्हाइकांना त्रास होतो." तुम्ही म्हणालात, "हात पुढे करा." ते बिचारे कचेरीत साहेबाने सांगितल्यासारखे हात पुढे करून उभे राहिले. तुम्ही टेलरबाईंना खूण केलीत आणि त्यांनी खोक्याला लावायच्या चिकटपट्टीने त्यांची दहाही बोटं गुंडाळून टाकली, वळता येणार नाहीत अशी. मग तुम्ही त्यांच्या पुढ्यात आमचं जुनं पाकीट ठेवलंत. "उघडा."

भोवती गर्दी जमली. मी पोचले तेव्हा मॅनेजर दातांनी पाकीट ओढत होते, टाय बाजूला उडालेला, आणि मग फाट्टदिशी गाजर सगळीकडे! एक तुकडा लोण्याच्या कपाटावर. लोक हसले, तेही ओशाळे होऊन हसले. तुम्ही हसला नाहीत. "आता वेचा," म्हणालात. त्यांनी ओणवं होऊन दोन वेचले, तिसरा काही चिमटीत येईना. मग तुम्ही नवीन पाकीट दिलंत. त्यांनी कानात मूठ घातली, वळवली आणि ते उघडलं. तुम्ही म्हणालात, "माझी बोटं दीड वर्ष अशी आहेत. पट्टी न लावता."

तुमचे भाऊ माझ्यामागे क्रेट घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. क्रेट खाली ठेवला आणि तुमच्याजवळ आले, आणि मला वाटलं आता गाडीत घालून नेणार. पण तुम्ही त्यांच्याकडे एकदाच पाहिलंत आणि ते म्हणाले, "ताई, कुठलं पाकीट कुठे मांडू ते सांग." बस. मी त्यांना इतक्या वर्षांत एवढं शहाणं बोलताना ऐकलं नव्हतं.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. मॅनेजरांनी विचारलं होतं ना, हात दुखणारे लोक कुठून आणायचे? ते आलेच होते, वन्सं. दुकानातच होते. नेहमी असायचे, आम्हीच पाहिले नव्हते. एक बाई आल्या, एक हात गळ्यात बांधलेला. एक गृहस्थ, हात कापतो म्हणून तो खिशात ठेवणारे. ते "शाब्बास" वाले बसचालक आजोबा आले, एकाची चार पाकिटं घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा, आता भोपळा पण चालेल!" एक तरुण मुलगी आईचा फोन कानाला लावून, "हो गं, उघडतंय, मी आत्ता उघडून पाहिलं" असं सांगत होती. चार वाजता फळी निम्मी रिकामी. मी घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं. साडेपाचला, दुकान बंद होताना, टेलरबाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "मोजा." मी म्हटलं, तुम्हीच मोजा, माझे डोळे भरलेत, मला दिसत नाही.

तीन!

शंभरातली तीन उरली, वन्सं. दोन अननसाची आणि एक मिश्र भाजीचं. वीस नव्हे, तीन! आम्ही सहा जणी दूध-लोण्याच्या कपाटासमोर एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडलो, गमबुटांसकट. कुणी काही म्हणालं नाही. उलट दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजर आले. बोटांवर अजून चिकटपट्टीचे कपटे होते. म्हणाले, फळी तुमची. वरचीही घ्या. आणि तुमच्या गावातल्या त्यांच्या दुकानातही पुढच्या महिन्यापासून आपला माल लागणार, ते आजच त्यांनी फोनवर सांगून टाकलं. मग उरलेलं ते मिश्र भाजीचं पाकीट उचललं, स्वतः रांगेत उभं राहून घेतलं आणि मला म्हणाले, "आईला नेतो. ती मला काही सांगत नाही, पण तिच्याकडेही हल्ली नुसता पाव दिसतो."

टेलरबाई म्हणताहेत, हे लिहून झालं की थांबा, नाहीतर पुन्हा रडाल. थांबते.

वन्सं, तुमच्यामुळे जिंकलो. हे सहा जणींनी मिळून लिहिलंय.

तुमची,
घाईबाई आणि पाच


२९ जून

घाईबाई,

इथल्या दुकानात तुझी फळी लागली. मी पहिल्याच सकाळी गेले. रोज एक पाकीट घेते, फुकट घेणार नाही असं मीच त्यांना बजावलंय.

भावाचा दर रविवारी फोन येतो. "ये इकडे" म्हणत नाही. "काय शिजवलंस?" विचारतो. त्याला सांग, हे बरं चाललंय.

आता मुख्य. काल कचेरीतल्या माझ्या जुन्या पाच मैत्रिणींना मी जेवायला बोलावलं. दीड वर्षं काहीतरी कारणं सांगून टाळत होते, आज पाहुणे, उद्या पाणी नाही. काल चार भाज्या केल्या. सगळ्या मी. पाकिटं मी उघडली, मी शिजवल्या, मीठ मी घातलं. वाढायला मात्र जड भांडं उचलेना, तर पातेली चुलीवरच ठेवली आणि म्हटलं, या गं, ताटं घेऊन या, आपापलं वाढून घ्या. त्यांना वाटलं ही नवी पद्धत. सगळ्यांनी दोनदोनदा घेतलं. जेवता जेवता मी हातांचं सांगून टाकलं. एकीने विचारलं, "हात दुखतात ना तुझे, मग एवढं चिरलं कुणी?"

मी म्हटलं, "माझ्या भावजयीने."

वन्सं